उकळी आली की आच उतरव

साडेतीन महिन्यांच्या सानियाचं वजन चार किलो सहाशे ग्रॅम होतं आणि दोन आठवडे झाले तरी काटा तिथून पुढे सरकायचं नाव घेत नव्हता. क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून एक आठवडा बघू. नाहीतर वरचं दूध सुरू करू." त्या हे अगदी सहज म्हणाल्या, पुढच्या पेशंटची फाईल उघडता उघडता. आलिमाला मात्र परीक्षेच्या हॉलमध्ये शेवटची घंटा व्हावी तसं ते ऐकू आलं.

घरी आल्या आल्या तिने एक वही केली. किती वाजता पाजलं, कुठल्या अंगाला, किती मिनिटं, दिवसात किती दुपटी ओली झाली. सौदीतल्या कतीफमधल्या त्या दोन खोल्यांच्या घरात तिची नजर आधीच एका जागी ठरत नसे. गॅसचं बटण बंद आहे ना, लबनच्या, म्हणजे ताकाच्या, बाटलीवरची तारीख उलटली नाही ना, एसीचा झोत पाळण्यावर येत नाही ना. तिचा नवरा मुनाफ थट्टेने तिला 'बलदिया' म्हणायचा. तो अल-खोबरच्या एका मोठ्या रेस्टॉरंटात कुक होता. बलदियाचे, म्हणजे नगरपालिकेचे, तपासनीस अचानक येऊन तिथले फ्रीज उघडून बघायला लागले की सगळ्यांची धावपळ उडायची. "तिथून सुटून घरी यावं, तर घरातही बलदिया!" तो म्हणायचा.

बाळंतपणासाठी मुनाफची आई हफीजा व्हिजिट व्हिसावर आली होती. चाळीस दिवस केव्हाच उलटले होते, पण नातीचे गाल भरल्याशिवाय विमानात पाय ठेवणार नाही असं तिने जाहीर केलं होतं.

"सहा पोरं वाढवली मी," ती म्हणायची. "एकालाही काट्यावर ठेवलं नाही. पोर म्हणजे काय बाजारातले कांदे?"

तिच्या मते दुखणं एकच होतं आणि औषधही एकच. बाळंतिणीला मोरी मिळाली नव्हती. मोरी म्हणजे मुशीचं, शार्कचं पिल्लू. रत्नागिरीजवळ साखरतरला, त्यांच्या गावी, ज्या घरात ओली बाळंतीण असेल त्या घरी कोणी ना कोणी मोरी पोचवतंच. गरम पाण्यात बुडवून तिचं कानशीसारखं खरखरीत कातडं खरवडायचं, पांढऱ्याशुभ्र मांसाचे तुकडे करायचे आणि कालवण करून बाळंतिणीला वाडगाभर पाजायचं. दूध उतरलं नाही असं कधी झालं नाही, असं सगळ्या गावाचं म्हणणं. पण कतीफ मासळीचं गाव असलं तरी इथली बरीच माणसं बिनखवल्यांचा मासा खात नाहीत. त्यामुळे बाजारात मोरी मांडायची कोण? त्यात हफीजाच्या तिखट कालवणाने सानियाच्या पोटात मुरडा येतो असं आलिमाच्या वहीवरून दिसत होतं, म्हणून तिने मिरचीच बंद केली होती.

"मिरची नको, मोरी नाही," हफीजा कपाळाला हात लावून म्हणाली. "मग दूध काय एसीतून गळणार आहे गो?"

त्याच सुमाराला मुनाफच्या किचनमध्ये एक नवा पदार्थ आला. बुयाबेस. फ्रान्सचा माशांचा रस्सा. बड्या शेफने फर्मान काढलं की गिऱ्हाईकाने विचारलं तर नावाची गोष्ट प्रत्येकाला सांगता आली पाहिजे. मुनाफला नावच धड म्हणता येईना. एका संध्याकाळी त्याने फोन बायकोच्या हातात दिला. "तू शिकलेली आहेस. शोधून दे."

आलिमाने सानियाला मांडीवर घेऊन एका हाताने शोधलं. "दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या बोलीतला शब्द आहे. दोन शब्द एकत्र जोडलेत. पहिल्याचा अर्थ उकळणं. दुसऱ्याचा, खाली आणणं. उकळी आली की आच उतरव."

"हे नाव झालं?" हफीजा म्हणाली. "मग मी पण माझ्या कालवणाचं नाव 'ढवळ आणि झाक' ठेवते. घेतील तुझ्या हॉटेलात?"

"घेतील अम्मी. वर पुदिन्याचं एक पान ठेवायचं फक्त."

"आणि आलं कुठून ते?"

"मार्सेय म्हणून बंदर आहे," आलिमा वाचत म्हणाली. "तिथले कोळी चांगली मासळी विकायचे. जाळ्यात जे काटेरी, खडकातले मासे उरायचे, ज्यांना गिऱ्हाईक हात लावत नसे, ते किनाऱ्यावरच मोठ्या भांड्यात समुद्राच्या पाण्यात उकळायचे. तेच त्यांचं जेवण."

मुनाफ सरसावून बसला. "म्हणजे हे खलाशांचंच खाणं की! मामाच्या होडीवर हेच चालायचं. विकायचं ते विकायचं आणि खायचा वाटा वेगळा. पण आमचा मामा पक्का. खायच्या वाट्यात एखादा फक्कड मासा दडवलेला असायचाच. कोणी त्याच्याकडे बोट केलं की म्हणायचा, नाही नाही, तो नाही. मामा नाही म्हणाला की सगळा धक्का समजायचा, घ्यायचा तर तोच."

"अजून एक गोष्ट दिलीये," आलिमा म्हणाली. "रोमन लोकांची एक देवी होती. ती हा रस्सा पाजून नवऱ्याला गाढ झोपवायची, आणि…" ती थांबली.

"आणि काय?"

"आणि मग तिच्या कामाला जायची."

मुनाफ तिच्या खांद्यावरून वाचत होता, तो फिस्सकन हसला. हफीजाने तोंडावर पदर धरला. "तौबा! नवऱ्याला झोपवून बाई कुठल्या कामाला जाते ते मला नको सांगूस. हे तुझ्या गिऱ्हाईकांना सांग, मुनाफ. जास्त रस्सा खपेल."

"ते मागून कोणीतरी जोडलं असणार," आलिमा म्हणाली. "नावाचा अर्थ मात्र खरा वाटतो."

मुनाफच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. केशर, बडीशेप, संत्र्याची साल, टोमॅटो. मिरचीचा कण नाही. "ऐक," तो म्हणाला, "मोरी मिळाली तर तिचा हाच रस्सा करू. सानियाच्या पोटालाही चालेल आणि अम्मीचा जीवही शांत होईल. शुक्रवारी मी धक्क्यावर जातो. बाजारात नाही, सरळ होडीवर. उरलेली मासळी तिथेच असणार."

शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून तो परस्पर धक्क्यावर गेला आणि तासाभराने घामाघूम होऊन परतला. एका पिशवीत हाताच्या पंजाएवढे रंगीत खडकातले मासे होते. दुसरी त्याने बेसिनमध्ये उपडी केली आणि बर्फाबरोबर पाच-सहा तुकडे घरंगळले. मुंडकं नाही, शेपूट नाही, कातडं सोललेलं. मनगटाएवढे जाड, गोल, पांढरेफेक.

"अम्मी, बघ काय मिळालं!"

हफीजाने एक तुकडा उचलून वास घेतला, बोटाने दाबला आणि तिचा चेहरा असा उजळला की आलिमालाही क्षणभर बरं वाटलं. "मोरीच! आणि सोलूनसुद्धा दिली त्याने?"

"सोललेलीच होती. खलाशांनी बाजूला ठेवलेली. सोडत नव्हता लेकाचा, मी सोडवून आणली."

आलिमा सानियाला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. "बर्फ कधीचा आहे? वितळत आलाय," ती म्हणाली.

"आली धाड," मुनाफ म्हणाला. "आजची मासळी आहे बाई. सकाळची."

मग तो कामाला लागला. घरात तो क्वचितच शिजवायचा, पण शिजवायला लागला की बघत राहावं. कांदा, टोमॅटो, बडीशेप, संत्र्याच्या सालीची लांब चकती, चिमूटभर केशर, वरून ऑलिव्ह तेल ओतलं तेही हात आखडता न घेता. सगळं घर एका अनोळखी, गोडसर वासाने भरलं. भांडं खदखदायला लागलं. हफीजा चमचा घेऊन पुढे झाली, तसा त्याने तिचा हात धरला. "ढवळायचं नाही. जोरात उकळू दे. तेल आणि पाणी एकजीव व्हायला हवं. आता बघ…" आणि त्याने एका झटक्यात आच खाली आणली.

"एवढंच? शिजलं का ते?"

"नावातच सगळं सांगितलंय अम्मी. ज्याने नाव ठेवलं त्याला अक्कल होती."

जेवणही त्याने हॉटेलसारखंच वाढलं. आधी वाडग्यात नुसता रस्सा आणि भाजलेला पाव, मासे मागाहून वेगळ्या ताटात. आलिमाने दोन चमचे रस्सा घेतला. चांगला होता. खरंच चांगला होता, आणि तिला भूकही लागली होती. तेवढ्यात मुनाफने माशांचं ताट आणून मधे ठेवलं आणि सोललेल्यातला सगळ्यात मोठा तुकडा तिच्या पुढ्यात वाढला. "सानियाच्या नावाने," तो म्हणाला.

तिने बोटांनी तुकडा उकलला. मधोमध मणका होता, पांढरा, दोन्ही अंगांना टोकं काढलेला. तिने नखाने दाबून बघितलं. नखच वळलं.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी रत्नागिरीच्या कॉलेजात तिने मेणाच्या ट्रेमध्ये मुशी टाचून फाडली होती. फॉर्मलिनने डोळे चुरचुरत असताना मणक्यांवरून कात्री चालवली होती, आणि कात्री काकडीतून जावी तशी गेली होती. मुशीच्या अंगात हाड नसतंच. असते ती कुर्चा. ह्या तुकड्यात हाड होतं.

"अहो," ती म्हणाली, "ह्याचा मणका टणक आहे. मोरीचा मऊ असतो. ही मोरी नाही वाटत."

"मोठी असेल. वय झालं की हाडं टणक होतात," मुनाफ पाव मोडत म्हणाला.

"उलट होतं ते. वय झालं की हाडं कुरकुरतात, ह्या तुझ्या अम्मीला विचार," हफीजा हसली आणि गुडघ्यावर थाप मारली. "गो आलिमा, तू एक मोरी फाडलीस ती परीक्षेसाठी. मी जन्मभर शिजवल्यात. आणि समजा नसली मोरी, दुसरं काही असलं, तरी सगळं उकळलंय ना? उकळीतून जे जगतं ते अजून अल्लाने पैदा केलेलं नाही."

हे बरोबर नाही, हे आलिमाला ठाऊक होतं. काही विषं उकळून जात नाहीत, हे तिने कुठल्याशा धड्यात वाचलं होतं. पण कुठलं विष, कुठला मासा? कातडं नाही, तोंड नाही, पर नाहीत. तिला नाव आठवेना, आणि नाव घेता येत नसेल तर भांडायचं कशाच्या बळावर? त्या आठवड्यात तिने पाण्याच्या टाकीवरून, पावडरच्या वासावरून, हफीजाच्या अंगठीवरून, एकूण किती वेळा सगळ्यांना थांबवलं होतं ते तिला मोजता आलं असतं. प्रत्येक वेळी काही निघालं नव्हतं. आज शुक्रवार होता. मुनाफ खूश होता. सासू हसत होती.

तिने ताटली हळूच पुढे सरकवली. "मला नको. रश्श्यानेच पोट भरलं."

हफीजाचं हसू मावळलं. "पोरीसाठी तरी खा."

"नंतर खाईन."

"नंतर कसलं? गार मासा खाऊन दूध आटतं." तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग उसासा टाकून ताटली स्वतःकडे ओढली. "अन्न टाकायचं नाही. आण इकडे." आणि तिने स्वतःच्या तुकड्यानंतर आलिमाचाही तुकडा निगुतीने, हाड चोखून, संपवला.

आलिमा बघत राहिली. पुढ्यातली ताटली गेली म्हणून तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. पुन्हा एकदा सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं, आणि आत सानिया रडायला लागली.

ती उठली. खोलीत पलंगाच्या कडेला बसून तिने सानियाला छातीशी घेतलं. वहीत वेळ लिहिली. दोन वाजून दहा मिनिटं. सानियाने तोंड लावलं, दोनदा ओढलं, आणि त्याच वेळी आलिमाला जाणवलं की आपला खालचा ओठ आपला नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर होतं तसं. तिने जिभेने ओठ चाचपला, तर जिभेच्या टोकालाही मुंग्या होत्या.

तिने करंगळी घालून सानियाचं तोंड सोडवलं. पोर टाहो फोडून रडली. आलिमा तिला तशीच उचलून बाहेर आली.

हफीजा सोफ्यावर कलंडली होती. डोकं एका बाजूला, हात मांडीतून खाली लोंबत. मुनाफ ताटं उचलत होता. "अम्मीला झोप लागली," तो हसत म्हणाला. त्याचे शब्द जरासे जड येत होते. "आत्ताच म्हणाली, अंग हलकं वाटतंय. ती देवी खोटं नव्हती सांगत. रस्सा खरंच झोपवतो. बिचारीला किती दिवसांनी शांत झोप…"

"तुमच्या ओठांना मुंग्या येतायत?"

"केशर जास्त झालं असेल. शेफ म्हणतो, केशराने…"

"येतायत का ते सांगा!"

तो थांबला. त्याने ओठांवरून बोट फिरवलं. "हो," तो म्हणाला.

आलिमा सोफ्याजवळ वाकली. हफीजाचे डोळे मिटलेले नव्हते. अर्धवट उघडे होते, आणि त्यांतून एकसारखं पाणी वाहत होतं. ती झोपली नव्हती. ती त्यांचं सगळं बोलणं ऐकत होती. छाती हलत होती ती इतकी थोडी, की आलिमाला हात ठेवून बघावं लागलं.

खालच्या मजल्यावर राहणारा अरीब दापोलीचा, पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. शुक्रवारची सुट्टी म्हणून घरी होता. त्याने आणि मुनाफने हफीजाला चादरीत घालून जिन्याने उतरवलं. तिसऱ्या पायरीवर मुनाफचे गुडघे वळले आणि तो भिंतीला धरून बसला. "पाय कुठे गेले माझे?" तो म्हणाला. अरीबने हफीजाला एकट्याने पाठीवर घेतलं.

इमर्जन्सीत पोचल्यावर त्यांनी हफीजाच्या घशात नळी घातली. डॉक्टर इजिप्तचे होते, तरुण, कामापुरती हिंदी येणारे. "काय खाल्लं?" त्यांनी विचारलं.

"बुयाबेस," मुनाफ म्हणाला. त्याला बाजूच्याच खाटेवर झोपवलं होतं.

"नाव नको मला. त्यात काय होतं?"

मग मुनाफने सांगितलं, थांबत थांबत, जड जिभेने. धक्क्यावर एक म्हातारा खलाशी सापळ्यांच्या जाळीदार टोपल्या दुरुस्त करत बसला होता. उरलेले खडकातले मासे त्याने खुशीने दिले. शेजारी एका डब्यात हे सोललेले तुकडे होते. मुनाफने बोट दाखवलं तर तो नाही नाही म्हणाला.

"मला वाटलं, खायचा वाटा आहे त्याचा," मुनाफ म्हणाला. "म्हणून सोडत नाही. मी हात जोडले. घरी बाळंतीण आहे म्हणून खुणेने सांगितलं. तो टोपल्यांकडे बोट दाखवत होता. मग त्याने गाल फुगवले, असे. मला वाटलं, चिडला. तेवढ्यात त्याला होडीवरून कोणी हाक मारली, तो वळला, आणि मी डब्यातले तुकडे पिशवीत घातले. पैसे टोपलीत ठेवले आणि निघालो."

"केंड," आलिमा म्हणाली.

आता नाव आलं. साखरतरच्या धक्क्यावर जाळ्यातून निघालेला, पोट फुगवून चेंडू झालेला विषारी केंड मुलं लाथेने उडवत नेतात. कोणी त्याला हात लावत नाही, कावळेसुद्धा बेतानेच टोचतात. फुगलेल्या पोटावरून आणि काट्यांवरून तो तिथलं शेंबडं पोरही ओळखतं. सोललेला केंड मात्र तिथे कोणी कधी पाहिलेला नव्हता. म्हाताऱ्याने तो सापळ्यांत आमिष म्हणून लावायला ठेवला असणार.

डॉक्टरांनी मान हलवली. ह्याच्यावर उतारा नाही, ते म्हणाले. यंत्र श्वास देईल. एक दिवस निभावला तर शरीर विष आपोआप बाहेर टाकतं. तुमच्या नवऱ्याने थोडंच खाल्लंय, तो निभावेल. आईंना साखर आहे, बीपी आहे, आणि त्यांनी किती खाल्लं?

"दोन तुकडे," आलिमा म्हणाली. "एक त्यांचा. एक माझा."

"तुम्ही?"

"रस्सा. दोन चमचे."

त्यांनी तिचे डोळे, हात, पाय तपासले. तिच्या ओठांच्या मुंग्या उतरत आल्या होत्या. "बाळाला उद्या दुपारपर्यंत पाजू नका. दुधातून जातं की नाही, मला नक्की सांगता येणार नाही. धोका नको." एका नर्सने बाटलीत वरचं दूध आणून दिलं. सानियाने आधी तोंड फिरवलं, मग भुकेपुढे हरून घटाघट प्यायली. आलिमा बाथरूममध्ये जाऊन बेसिनवर वाकली. दूध भरून आलं होतं, दुखत होतं. ती ते पिळून टाकत राहिली आणि पांढऱ्या धारा नळाच्या पाण्याबरोबर जाताना बघत राहिली.

"त्यांना ऐकू येत असेल," हफीजाच्या खाटेजवळची नर्स म्हणाली. "हलता येत नाही फक्त. बोला त्यांच्याशी."

आलिमा जवळ बसली. काय बोलायचं? सानिया प्यायली म्हणून सांगितलं. मुनाफ बरा आहे म्हणून सांगितलं. खरं सांगायचं होतं ते ओठांशी येऊन परत जात होतं. हफीजाच्या पापण्यांवर चिकटपट्ट्या लावल्या होत्या, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून. त्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं.

शनिवारी असरच्या, दुपारच्या, अजानीला हफीजाचं हृदय थांबलं. पाऊण तास त्यांनी प्रयत्न केले.

त्याच दुपारी चोवीस तास संपले होते. आता पाजायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आलिमाने पाजलं नाही. बाटलीच दिली.

रविवारी सकाळी कागदपत्रं झाली. अरीब दोन ऑफिसांतून शिक्के मारून आला. तिथल्याच दफनभूमीत दफन ठरलं. मय्यतीला आंघोळ घालायच्या खोलीत दोन स्थानिक बायका आल्या होत्या, आणि घरची एक बाई असावी असं त्यांनी सांगितलं. घरची बाई एकच होती. बाहेरच्या बाकावर मुनाफ सानियाला घेऊन बसला होता. अजून त्याच्या बोटांत पूर्ण ताकद नव्हती, म्हणून त्याने पोरीला दोन्ही दंडांत धरलं होतं.

"तू का नाही खाल्लंस?" त्याने विचारलं.

आलिमाला वाटलं होतं, हा प्रश्न येईल तेव्हा आपण काहीतरी म्हणू. भूक नव्हती. वास आवडला नाही. असं म्हटलं तर तो मान हलवील, आणि पुढचं सगळं आयुष्य तसंच चालेल. सोपं होतं.

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "नाव नव्हतं आठवत. पण खाऊ नये एवढं कळलं होतं."

"तू म्हणालीस ते. मणका टणक आहे म्हणून."

"हो."

"एकदाच म्हणालीस."

"हो."

"सानियाचं दुपटं ओलं असलं तर तू दहादा सांगतेस."

तिने हात पुढे करून सानियाचं दुपटं चाचपलं.

"आणि अम्मीने तुझी ताटली घेतली तेव्हा?"

"तेव्हा मी बघत होते."

त्याने समोरच्या भिंतीकडे नजर वळवली. भिंतीवर पाणी जपून वापरा अशी अरबी पाटी होती. त्याचा राग तिच्यावर आहे की धक्क्यावरच्या म्हाताऱ्यावर की स्वतःच्या दोन हातांवर, हे त्याच्या तोंडावरून सांगता आलं नसतं. कदाचित त्यालाही ठरवता येत नव्हतं. "मीच आणलं ते," तो म्हणाला. "मीच शिजवलं. तुला काय विचारतोय मी." पण त्याने हे तिच्याकडे न बघता म्हटलं.

सानिया चुळबुळ करायला लागली आणि मग तोंड वाकडं करून रडू लागली. पिशवीतली बाटली रिकामी होती.

"पाज तिला," मुनाफ म्हणाला.

"अजून थोडा वेळ…"

"डॉक्टरने सांगितलंय ना? पाज."

तिने ओढणी पुढे घेतली आणि सानियाला छातीशी लावलं. दोन दिवसांनी पोरीने अधाशासारखं ओढलं. दुखलं, आलिमाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दूध असं सुटलं की सानियाला ठसका लागला. मुनाफ शेजारी बसून तिचे घोट ऐकत होता. एकदा त्याने पोरीच्या टाळूवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

खोलीचं दार उघडलं. काळ्या अबायातल्या एका बाईने बाहेर डोकावून हाताने खूण केली. पाणी तयार होतं.

मुनाफने सानियाला अलगद सोडवून आपल्या दंडांत घेतलं. "जा," तो म्हणाला. "त्या थांबल्यायत."

आलिमाने ओढणी सावरली, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि ती आत गेली.